पुरावेवाले आप्पा

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसांचे तीन प्रकार असतात. पहिला नुसती वस्तू जमवतो. दुसरा वस्तूबरोबर तिची गोष्टही जमवतो, आणि गोष्ट नसेल तर विकणाऱ्याकडून करून घेतो. तिसरा प्रकार दुर्मीळ. तो दुसऱ्याच्या घरी चहाला जातो, शोकेसमधल्या रेडिओची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतो, बशीतला शेवटचा घोट संपवतो आणि विचारतो, "पुरावा काय?"

आमचे आप्पा हे तिसऱ्या प्रकारातले. पौडपासून ताम्हिणीपर्यंत ज्या ज्या घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा भोंग्याचा ग्रामोफोन आहे, त्या घरी आप्पांना चहा मिळालेला आहे. दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही.

आप्पा भुकूमला राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. माल पास करायला तिथे इतर पुष्कळ होते. आप्पांची नेमणूक नापास करण्यासाठी होती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं. आप्पांनी आधी नारळ कानाशी नेऊन हलवला, पाणी असल्याची खात्री केली आणि मग हात जोडले.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत माणसांना बसायला जागा बेताची, कारण मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल-एको अशी मंडळी आधीच बसलेली असतात. प्रत्येक रेडिओला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. एका चिठ्ठीवर मी वाचलं: "मेक: नक्की. साल: अंदाजे. पूर्वीचा मालक: सांगतात तो नव्हे." खिडकीजवळच्या फडताळात तीन वह्या. पहिलीवर 'ऐकीव', दुसरीवर 'छापील', तिसरीवर 'सिद्ध'. 'ऐकीव' म्हणजे वाण्याच्या खातेवहीएवढा ठोकळा आहे. 'छापील' दोनशे पानी. 'सिद्ध' ही शाळेची शंभर पानी वही, आणि तिची पानं अजून संपायची आहेत.

"आमचं लग्न यांच्या कोणत्या वहीत आहे, हे मी अजून विचारलेलं नाही," असं काकू म्हणतात.

रेडिओची कंपनी म्हटली की प्रत्येकाजवळ एक दंतकथा असतेच. ती कोणी सांगितली विचारलं, तर मामाच्या एका मित्राने. त्याला कोणी सांगितली? त्याचा मेहुणा आकाशवाणीत होता. आकाशवाणीत म्हणजे कशात? कॅन्टीनला. ही साखळी आप्पा कॅन्टीनपर्यंत नेतात आणि तिथे सोडतात, कारण त्यापुढे ती कधी जात नाही.

लवळ्याकडे ज्यांचा वीकेंडचा बंगला आहे, अशा एका वकीलसाहेबांकडे आम्ही गेलो होतो. त्यांनी बुशचा रेडिओ दाखवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे अमेरिकेचे बुश बरं का. प्रेसिडेंट झाले ते घराणं. मूळ धंदा रेडिओचा. म्हणून तर बीबीसीच्या इमारतीचं नाव बुश हाउस!"

युक्तिवाद भक्कम होता. वकिलाचाच होता. आप्पांनी कप खाली ठेवला.

"बुश रेडिओ १९३२ साली लंडनमध्ये सुरू झाला. शेफर्ड्स बुश नावाचा तिथला एक भाग आहे, त्यावरून नाव पडलं. बुश नावाच्या कोणा माणसाची ती कंपनी नव्हती. बुश हाउस बांधलं अर्व्हिंग बुश नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने, ते बुश रेडिओच्या आधीचं. बीबीसीची परदेशी प्रक्षेपणं तिथे आली १९४१ साली. आणि प्रेसिडेंटचं घराणं टेक्सासमध्ये तेल काढायचं. तीन बुश आहेत वकीलसाहेब, तिघांचे सातबारे वेगळे."

वकीलसाहेब म्हणाले, "असेल," आणि चहाची दुसरी फेरी आली नाही.

मर्फीच्या बाबतीत गर्दी जास्त. पिरंगुटच्या एका रेडिओ मेकॅनिकचं ठाम मत होतं की 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' हा मर्फीचा नियम मर्फी कंपनीच्या इंजिनिअरने आपल्याच रेडिओवरून काढला. त्याच्या दुकानातले सेट पाहता हे पटण्यासारखं होतं. आप्पांनी त्याला सोल्डरिंगची कांडी खाली ठेवायला लावून समजावलं. रेडिओवाले फ्रँक मर्फी इंग्लंडचे. त्यांनी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ साली वेल्विन गार्डन सिटीत कंपनी काढली आणि १९३७ साली मर्फी स्वतःच तिच्यातून बाहेर पडले. नियमवाले एडवर्ड मर्फी अमेरिकेच्या हवाई दलाच्या कामावरचे इंजिनिअर, आणि त्यांचा नियम १९४९ च्या सुमाराचा. मेकॅनिकने सगळं ऐकलं, कांडी उचलली आणि म्हणाला, "म्हणजे मर्फी कंपनीतून मर्फीच गेला? मग नियम बरोबरच आहे की."

मर्फीच्या जाहिरातीतलं ओठावर बोट ठेवलेलं बाळ हा वेगळाच विभाग. ते बाळ आपल्या नात्यातलं आहे असं सांगणारे लोक प्रत्येक तालुक्यात सापडतात. पौडच्या एका गृहस्थांनी तर ते बाळ म्हणजे स्वतः आपणच, असा दावा केला. आप्पांनी त्यांना ओठावर बोट ठेवायला सांगून मर्फीच्या कॅलेंडरशेजारी उभं केलं. मग शाळा सोडल्याचा दाखला मागितला. दाखल्यावरची जन्मतारीख कॅलेंडरच्या बरीच नंतरची निघाली. गृहस्थ चिडून म्हणाले, "दाखल्यावर मास्तरांनी वय कमी लावलंय!" आपल्याकडे हे सहज घडू शकतं, हे आप्पांनाही मान्य करावं लागलं. तो दावा अजून 'ऐकीव'मध्येच आहे, पण समासात एक प्रश्नचिन्ह आहे.

आप्पा फक्त खोटं पाडण्यासाठी जन्मले आहेत असा लोकांचा समज आहे. तो अगदीच चुकीचा नाही. भोसरीच्या एका कामगार पुढाऱ्याने त्यांना एकदा सांगितलं, "फिलिप्सवाले म्हणजे कार्ल मार्क्सचे नातेवाईक." आप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही. भांडवलदार कंपनी आणि मार्क्स! इतकी जाडजूड थाप कित्येक महिन्यांत हाती लागली नव्हती. ते वाचनालयात गेले, पुण्याला जाऊन आले, पत्रव्यवहार केला. आणि ते खरं निघालं. मार्क्सच्या आईची बहीण सोफी हॉलंडमधल्या झाल्टबोमेल गावच्या लिऑन फिलिप्स यांना दिलेली. हे मावशीचे यजमान म्हणजे मार्क्सचा पैशाच्या अडचणीतला मोठा आधार. त्यांचा मुलगा फ्रेडरिक, म्हणजे मार्क्सचा सख्खा मावसभाऊ. आणि या फ्रेडरिकने आपला मुलगा जेरार्ड याच्याबरोबर १८९१ साली आइंडहोव्हनला दिव्यांचा कारखाना काढला. तोच फिलिप्स. ज्यांचे रेडिओ पुढे आपल्या लोणी काळभोरला तयार झाले, ते.

आप्पांनी नोंद 'सिद्ध'मध्ये केली, पण अक्षर वाईट आलं. पुढे काही दिवस त्यांची जेवणावर वासना नव्हती.

"खरं निघालं म्हणून सुतक पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला," काकू म्हणाल्या.

आप्पांचं खरं कसब पाहायचं असेल तर त्यांना मुळशी धरणाच्या काठी न्यावं. पाणी दिसणारं एक हॉटेल आहे. तिथल्या स्वागतकक्षात पितळी भोंग्याचा ग्रामोफोन ठेवलेला: अष्टकोनी पेटी, झगझगीत भोंगा, समोर कुत्र्याचं चित्र. मॅनेजर तरुण होता, पाठ केलेलं म्हणत होता, "१९०५ सालचा पीस आहे सर. एका संस्थानिकांच्या राजवाड्यातला."

आप्पांनी खिशातून तीन वस्तू काढल्या: बॅटरी, भिंग आणि लोहचुंबक. चुंबक भोंग्याला लावला, चिकटला नाही. "पितळ खरं आहे," आप्पा म्हणाले. मॅनेजर खूश. मग आप्पांनी बोटाच्या पेराने भोंग्याची कड दाबली. पापड दबावा तशी दबली. "पण नवं आहे." त्यांनी पेटी कलती करून खाली बॅटरी मारली. आतलं चावीचं यंत्र जुनंच होतं, कोणा बिचाऱ्या सुटकेसएवढ्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढून बसवलेलं. त्या पोर्टेबलला भोंगा बाहेर नसतोच. आवाजाची वाट पेटीच्या आतूनच असते. आपल्याच देशात असे नवे भोंगे आणि जुनी यंत्रं जोडून कुत्र्याची चकती ठोकण्याचा धंदा जोरात चालतो. परदेशातले शौकीन या मालाला क्रॅपोफोन म्हणतात. आप्पा त्याला जोडफोन म्हणतात. त्यांना शिवी दिलेली आवडत नाही.

"हा स्क्रू बघ," आप्पांनी मॅनेजरच्या हातात भिंग दिलं. "त्याच्या डोक्यावर काय आहे?"

"अधिकचं चिन्ह आहे सर."

"या फुलीच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १९३६ साली मिळालं. तुझ्या संस्थानिकांनी तो १९०५ साली कुठून आणला?"

मॅनेजर हुशार होता. त्याने लगेच बाजू बदलली. "सर, हे फिलिप्स स्क्रू ना? म्हणजे फिलिप्स रेडिओवाल्यांनीच काढलेले?"

आप्पांनी डोळे मिटले. एका घरात दोन साप निघाल्यावर सर्पमित्राला जसं वाटत असेल तसं त्यांना झालं असावं. "ते हेन्री फिलिप्स. ओरेगनचे. त्यांच्या नावात एक 'एल' जास्त आहे. रेडिओशी संबंध नाही, हॉलंडशी नाही, मार्क्सशीही नाही."

"मार्क्स कोण सर?"

"ते राहू दे."

पण मॅनेजरचं हुकमी पान अजून हातात होतं. कुत्र्याकडे बोट दाखवून तो गंभीर आवाजात म्हणाला, "आणि सर, हा कुत्रा बसलाय ना, ती मालकाची शवपेटी आहे. मालक वारलाय, आणि ग्रामोफोनमधून त्याचा आवाज येतोय."

ही दंतकथा ऐकून मोठमोठे लोक हळवे झालेले मी पाहिले आहेत. आप्पा खुर्ची ओढून बसले, म्हणजे आता वेळ लागणार होता.

"कुत्र्याचं नाव निपर. तो मेला १८९५ साली. फ्रान्सिस बरोड नावाच्या चित्रकाराने हे चित्र काढलं, आणि मूळ चित्रात हा ग्रामोफोन नव्हताच. तो होता नळकांड्याचा फोनोग्राफ. त्याच्यावर घरच्या घरी आवाज भरता यायचा. १८९९ साली बरोड ग्रामोफोन कंपनीकडे गेला. तिथले साहेब म्हणाले, फोनोग्राफ पुसून आमचं मशीन काढ, घेतो. त्याने वरून रंग मारून ग्रामोफोन काढला, आणि कंपनीने चित्र आणि हक्क मिळून शंभर पौंडांना घेतले. मूळ चित्राकडे तिरकं पाहिलं की खालचा फोनोग्राफ अजून दिसतो. आता सांग, तुझ्या या चित्रात कुत्रा ऐकतोय ती तबकडी. तबकडीवर घरी आवाज भरता येत नाही. मग मालकाचा आवाज आला कुठून? मालक काय गवई होता? मरायच्या आधी कंपनीत जाऊन रेकॉर्ड काढून आला होता?"

मॅनेजर विचारात पडला. मला वाटलं, माणूस बदलला.

"आणि शवपेटीचं काय सर?"

"गुळगुळीत लाकूड आहे. बरोडने ते शवपेटी म्हणून काढल्याचा पुरावा नाही."

"सर," मॅनेजर अत्यंत आदराने म्हणाला, "तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार. पण गेस्टना शवपेटी आवडते."

आप्पांचं सारं दुःख या वाक्यात आहे. त्यांची तक्रार लोक खोटं बोलतात ही नाही. खरी हकीकत जास्त मजेदार असताना लोक खोटीच पसंत करतात, ही आहे. एका कंपनीने दुसऱ्याच्या मशीनवर रंग फासून कुत्र्याचं इमान फिरवून घेतलं, याहून चांगली गोष्ट कोणती? पण ऐकणाऱ्याला डोळ्यांत पाणी हवं असतं, आणि आप्पांच्या गोष्टीत ते येत नाही. तिथे फक्त साल येतं.

मात्र आपल्या मुळशी तालुक्यातल्या गोष्टींना ते जरा जपून हात लावतात. एक तरुण पोत्यात गुंडाळून मर्फीचा सेट घेऊन आला होता. "आप्पा, माझ्या पणजोबांचा. मुळशी सत्याग्रहाच्या बातम्या, सेनापती बापटांचं भाषण, सगळं त्यांनी याच्यावर ऐकलं. पुण्याचा एक जण चांगले पैसे देतोय, फक्त तुम्ही हो म्हणा."

आप्पांनी त्याला आधी पाणी दिलं. मग बोटांवर मोजायला सुरुवात केली. "धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला १९२१ सालच्या रामनवमीला. मुंबईचं रेडिओ स्टेशन सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. मर्फी कंपनी जन्मली १९२९ ला. म्हणजे सत्याग्रहाच्या वेळी बोलणारं स्टेशन नव्हतं आणि ऐकणारा मर्फीही नव्हता. आता ही वायर बघ. हा सेट विजेवरचा. धरण टाटांनी इथे बांधलं, पण पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवलं; तिथे वीज झाली ती गेली मुंबईला. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी होती. पणजोबांनी पिन खोचली कशात?"

पोराचा चेहरा उतरला. आप्पा थांबले. मग निराळ्याच आवाजात म्हणाले, "पणजोबा सत्याग्रहात होते का?"

"होते. आजी सांगायची, तुरुंगात पण गेले होते."

"मग हे पोतं घेऊन काय हिंडतोस? तो कागद शोध. मुळशीकरांना शिक्षा झाल्या, त्या कुठेतरी लिहिलेल्या असतील. रेडिओ काय, कोणालाही मिळतो. तुरुंग मिळत नाही."

जाता जाता त्यांनी कपाटावरचा नॅशनल-एको दाखवला. लोक त्याला जपानी नॅशनल समजतात. तो इंग्लंडच्या ई. के. कोल यांच्या एकोचा भारतीय अवतार. कंपनी टाटांच्या परिवारातली, पुढे ती नेल्को झाली. "धरण त्यांचं आणि रेडिओही त्यांचाच. खरी गोष्ट सांगायची तर ही सांग," आप्पा म्हणाले. पोरगा भारावून गेला. त्या दिवशी मला वाटलं की सत्याचा विजय होतो.

महिनाभराने गोष्ट फिरून आमच्याकडे आली. सुधारित आवृत्तीत पणजोबा तुरुंगात असताना हाच मर्फी ऐकायचे.

आप्पा मनापासून मानतात अशी एकच व्यक्ती ग्रामोफोनच्या इतिहासात आहे: गौहर जान. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्ग साहेबाने कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं केली त्यांत ती होती. त्या काळच्या पुष्कळ कलावंतांसारखी तीही गाण्याच्या शेवटी आपलं नाव सांगायची, इंग्रजीत, ठसक्यात. इतर रसिक तिची तान ऐकतात. आप्पा सुई शेवटच्या वळणावर ठेवतात, नाव ऐकतात आणि उचलतात. "पुरावा देऊन गाणारी बाई!" एवढंच म्हणतात.

मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक सोसायटी आहे, तबकड्यांचे क्रमांक आणि लेबलं ताडून पाहणारी माणसं तिथे भेटतात. आप्पा तिकडे जातात तेव्हा माहेरी गेल्यासारखे परततात. पण तालुक्यात त्यांना तोलामोलाचा माणूस भेटला नव्हता. तो भेटला पुण्याच्या जुन्या बाजारात.

रविवार होता. मंगळवार पेठेत पथारीवर एक बुशचा सेट मांडलेला. विक्रेता म्हणाला, "डोळे मिटून घ्या साहेब. मुळशीच्या आप्पांनी पास केलेला आहे. ते म्हणाले, थेट लंडनच्या राजवाड्यातला."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा आवाज जरा कापरा झाला होता. "आप्पांनी? पुरावा काय?"

"पुरावा?" विक्रेता हसला. "आप्पा बोलले म्हणजे विषय संपला. तो माणूस पुराव्याशिवाय चहासुद्धा पीत नाही."

"अहो, मीच आप्पा!"

विक्रेत्याने त्यांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "हां. भाव पाडायला येतात बरेच आप्पा. पुरावा काय?"

आप्पांनी पाकीट काढलं. आधार कार्ड पाहिलं, पेन्शनचं कार्ड पाहिलं, लायसन पाहिलं. सगळीकडे बारशाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आप्पा कुठेच नव्हते. मी पुढे होऊन म्हटलं, "मी सांगतो, हेच आप्पा."

"तुम्ही यांच्याबरोबरच आलात," विक्रेता म्हणाला.

"बरोबर आहे," आप्पा लगेच म्हणाले. "हितसंबंधी साक्षीदार. धरता येणार नाही." आणि त्या माणसाकडे असं कौतुकाने पाहिलं, की क्वालिटी कंट्रोलला त्यांच्या जागी याला नेमायची सोय असती तर तिथेच नेमलं असतं.

खोटा दाखला बाजारात हिंडू नये म्हणून आप्पांनी तो बुश विकत घेतला. सांगितलेल्या भावात. त्या भावात राजवाड्याचे पैसे धरलेले होते आणि आप्पांच्या शब्दाचेही.

पुढे एका रविवारी मी एकटाच तिकडून जात होतो. त्याच पथारीवर दुसरा बुश होता, तोही आप्पांनी पास केलेला. गोष्टीत भर मात्र पडली होती. विक्रेता गिऱ्हाइकाला सांगत होता, "खुद्द आप्पा इथे येऊन यातलाच एक रोख पैसे मोजून घेऊन गेलेत!" त्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे ही शुद्ध थाप होती. पण त्या दिवशी अख्ख्या जुन्या बाजारात बोलल्या गेलेल्या वाक्यांपैकी आप्पांच्या शंभर पानी वहीत बिनतक्रार चढलं असतं, असं तेवढं एकच होतं.